पिवळा बिल्ला आणि शनिवार तेली



आमच्या समाजातील मुले येथील शाळांच्या मधल्या वर्गांत पोहोचली, की इतिहासाच्या तासाला त्यांची गाठ मध्ययुगीन युरोपशी पडते. रोमचे पोप, मठांतील साधू, क्रुसेडचे सरदार आणि त्या साऱ्यांच्या छायेत दबून राहिलेली यहुदी वस्ती, हे सर्व त्यांना अभ्यासावे लागते. अशा वेळी पुष्कळ घरांतील वडीलधारी मंडळी आम्हांस विचारतात, "आपल्या मुलांनी हे कशासाठी घोकावयाचे? आपले वाडवडील नवगाव, अलिबाग, पेण, रोहे, मुरूड येथे राहिले. तेथे ना पोप होता, ना क्रुसेड. परक्यांचा इतिहास पाठ करावयाचा आणि आपला विसरावयाचा, हा कोठला न्याय?"

प्रश्न वाजवी आहे आणि त्यामागचे दुःखही खरे आहे. परंतु या विषयाकडे पाठ फिरवावी असे मात्र आम्हांस वाटत नाही. तो विषय आमच्या मुलांनी शिकावा आणि संपूर्ण शिकावा, असे आमचे मत आहे. त्याच्या शेजारी कोकणचे एक पान ठेवण्याचे काम मात्र शाळेचे नाही. ते आपले आहे.

प्रथम जे घडले ते पाहू. नोव्हेंबर १०९५ मध्ये पोप अर्बन दुसरा याने फ्रान्समधील क्लेरमाँ येथे येरूशलेम जिंकण्याची हाक दिली. पुढच्याच वर्षी, सैन्ये पूर्वेकडे वळण्यापूर्वी, काही जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांवर हल्ला केला. श्पायर येथे अकरा यहुदी मारले गेले. बाकीच्यांना तेथील बिशप योहान याने आश्रय देऊन वाचविले. वर्म्स आणि माइन्झ येथेही यहुद्यांनी बिशपच्या वाड्यात आसरा घेतला होता, पण तेथे जमाव आत घुसला आणि शेकडो कुटुंबे नाहीशी झाली. बाप्तिस्मा किंवा मृत्यू, एवढीच निवड समोर होती आणि अनेकांनी मृत्यू पत्करला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै १०९९ मध्ये, क्रुसेडवाल्यांनी येरूशलेम घेतले आणि मुसलमानांबरोबर तेथील यहुद्यांचीही कत्तल केली. जे कैद झाले त्यांना आणि लुटलेल्या पवित्र ग्रंथांना सोडविण्यासाठी अश्कलोनच्या वडीलधाऱ्यांनी वर्गणी जमविली. त्या धडपडीची पत्रे कैरोच्या गेनिझात सापडली आहेत. त्याच गेनिझात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणाऱ्या यहुद्यांचीही पत्रे आहेत. त्यांतील अब्राहाम बेन यिजू हा बाराव्या शतकात अनेक वर्षे मंगळूरकडे राहत होता. म्हणजे ज्या शतकात युरोपात जीव मुठीत धरून राहावे लागत होते, त्याच शतकात आमच्या समुद्राच्या काठी यहुदी व्यापारी बिनधोक हिशेब लिहीत होता. मुलांनी या दोन्ही गोष्टी एकाच काळातल्या म्हणून शिकाव्यात. आमच्यापैकी जी कुटुंबे रामले येथे राहतात त्यांच्या मुलांना क्रुसेडचा काळ पाहण्यासाठी दूर जावयास नको. तेथील मोठी मशीद हे मुळात बाराव्या शतकातील क्रुसेडवाल्यांचे चर्च आहे.

आता बिल्ल्याची गोष्ट. १२१५ साली पोप इनोसंट तिसरा याने रोमच्या लॅटरन वाड्यात मोठी धर्मसभा भरविली. यहुदी व मुसलमान यांनी ख्रिस्ती लोकांहून वेगळा ओळखू येईल असा पोशाख करावा, असे त्या सभेने ठरविले. इंग्लंडमध्ये १२१८ सालीच छातीवर दोन पाट्यांच्या आकाराची खूण लावण्याचा हुकूम निघाला, तर फ्रान्समध्ये १२६९ साली राजा नववा लुई याने पिवळे वर्तुळ शिवण्याची सक्ती केली. मुसलमानी राज्यांतही पोशाखाची अशी बंधने त्यापूर्वीपासून होती, हेही येथे सांगितले पाहिजे.

या बिल्ल्याशेजारी आमच्या पूर्वजांचे नाव ठेवून पाहा. कोकणात आमचे लोक तेलाचे घाणे चालवीत. शब्बाथच्या दिवशी घाणा बंद राही, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस शनिवार तेली म्हटले. तेही वेगळेपणाचेच चिन्ह होते. परंतु ते कोणत्याही सभेने ठरविले नव्हते आणि कोणाच्या छातीवर शिवले नव्हते. आमच्या लोकांनी आपल्या धर्माचे जे पालन केले ते पाहून शेजाऱ्यांनी दिलेले ते नाव होते. एका ठिकाणी वेगळेपण ही शिक्षा होती, दुसऱ्या ठिकाणी ती ओळख होती. धडा समजला की नाही हे पाहण्यासाठी मुलास हा एकच फरक विचारावा.

याचे कारण कोकणातील माणसे देवदूत होती असे नव्हे. तेथे साऱ्या धर्माचा कारभार एका गादीवरून चालत नव्हता आणि सर्वांनी एकच श्रद्धा मानावी असा कोणाचा आग्रह नव्हता. जातींच्या रचनेत आणखी एका जातीला जागा मिळाली. मात्र तेल्याची पायरी खालचीच मानली जाई. त्या रचनेचा डाग आमच्या अंगासही लागला. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद आमच्याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पाळला. चर्चच्या इतिहासाकडे बोट दाखविताना हे विसरू नये.

धंद्याचीही गोष्ट अशीच. युरोपातील यहुदी सावकारी का करीत, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर स्वभावात शोधू नये. तेथील कारागिरांच्या संघटना बहुधा कोणा ख्रिस्ती संताच्या नावाने बांधलेल्या असत. त्यांत यहुद्यास प्रवेश नसे. जमीन धारण करणे त्यास उत्तरोत्तर अवघड झाले. दुसरीकडे चर्चने ख्रिस्ती लोकांस व्याज घेण्याची बंदी केली. ११७९ च्या लॅटरन सभेने तर उघड व्याजबट्टा करणारास धर्मबाह्य ठरविले. कर्जाची गरज मात्र राजास, सरदारास आणि मठासही होती. उरलेली वाट यहुद्याने धरली आणि मग त्याच वाटेबद्दल त्याचा द्वेष झाला. कोकणात आमच्या पूर्वजांस घाणा मिळाला, युरोपात इतर यहुद्यांस तिजोरी मिळाली. दोन्ही ठिकाणी माणसाने जी जागा मोकळी होती ती घेतली.

तथापि चर्च म्हणजे केवळ छळ, एवढेच शिकून मूल घरी आले तर त्याचे शिक्षण अर्धवट राहिले असे आम्ही समजू. ११२० च्या सुमारास पोप कॅलिक्स्टस दुसरा याने एक आज्ञापत्र काढले. यहुद्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करू नये, त्यांच्या सणांत विघ्न आणू नये, त्यांची कबरस्ताने उकरू नयेत, असे त्यात होते. पुढील अनेक पोपांनी ते पुन्हा जारी केले. ११४६ साली राडुल्फ नावाचा साधू जर्मनीत यहुद्यांविरुद्ध चिथावणी देत फिरत होता, तेव्हा मठाधिपती बर्नार याने स्वतः तेथे जाऊन त्यास गप्प बसविले. यहुद्यांवरील रक्ताच्या आळाचा निषेध १२४७ साली पोप इनोसंट चौथा याने केला. १३४८ साली प्लेगची साथ पसरली आणि यहुद्यांनी विहिरींत विष कालविले अशी आवई उठली, तेव्हा पोप क्लेमंट सहावा याने यहुदीही त्याच रोगाने मरत आहेत हे दाखवून त्या आरोपाचे खंडन केले. परंतु हुकूम कागदावर राहिला. १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, शब्बाथच्या दिवशी, स्ट्रासबुर्गच्या शेकडो यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट ही, की रक्षण करणारे आणि हीन लेखणारे चर्च एकच होते. यहुद्याने जिवंत राहावे, पण खाली मान घालून राहावे, अशी त्याची शिकवण होती. रविवारी व्यासपीठावरून ज्याची निंदा ऐकली, त्याला सोमवारी वाचवावयास जमाव धावत नाही. केवळ चर्चलाच नव्हे, तर लोकांवर अधिकार गाजविणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेला हा धडा लागू आहे.

ग्रंथांचा इतिहासही असाच दुहेरी आहे. १२४० साली पॅरिसमध्ये तालमुदावर खटला भरला आणि १२४२ साली चोवीस गाड्या भरून हस्तलिखिते जाळण्यात आली. मात्र त्याच चर्चच्या मठांनी जुने लॅटिन ग्रंथ नकलून जतन केले आणि त्याच्याच आश्रयाने पॅरिसचे विद्यापीठ वाढले. पुढे १५०६ साली योहानेस रॉइश्लिन या जर्मन ख्रिस्ती पंडिताने हिब्रूचे व्याकरण छापले आणि यहुदी ग्रंथ जाळू नयेत म्हणून आपल्या धर्मबांधवांशी वाद घातला. संपूर्ण तालमुद प्रथम छापला गेला तो व्हेनिस येथे १५२० ते १५२३ च्या दरम्यान. तो छापणारा डॅनियल बॉम्बर्ग हाही ख्रिस्तीच होता.

आता हा धागा आमच्या दारापर्यंत कसा येतो ते पाहा. तो दोन वाटांनी आला. पहिली वाट पोर्तुगिजांची. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन सुरू झाले आणि त्याचा अंमल वसई व चौलपर्यंतच्या पोर्तुगीज मुलखावर होता. वैद्यकावरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेला गार्सिया दा ऑर्ता हा यहुदी कुळातील होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, त्याची हाडे उकरून गोव्यात जाळण्यात आली. ते इन्क्विझिशन कायमचे बंद झाले ते १८१२ साली. रेवदंड्याचा कोट १७४० साली मराठ्यांकडे आला. आमच्या वाडवडिलांची गावे त्याच परिसरात होती. युरोपचे मध्ययुग आपल्यापासून दूर होते असे म्हणणारांनी रेवदंड्याच्या पडक्या चर्चांकडे पाहावे.

दुसरी वाट मिशनऱ्यांची. आमच्या पूर्वजांनी शमा, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम सांभाळले, पण हिब्रू ग्रंथांचे ज्ञान कोकणात उरले नव्हते. ते पुन्हा मिळविण्यास कोचीनच्या यहुदी शिक्षकांनी साहाय्य केले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. आमच्या लोकांनी ख्रिस्ती व्हावे हाच मिशनचा हेतू होता, त्याविषयी संशय नको. पण आमच्या लोकांनी विद्या घेतली आणि धर्म राखला. १८३४ साली जन्मलेले जोसेफ इझिकेल राजपूरकर त्याच स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकले, पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी आमच्या प्रार्थना मराठीत आणल्या. परक्याच्या शाळेत बसूनही आपले घर विसरावे लागत नाही, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

म्हणूनच आम्ही म्हणतो, की मुलांनी या धड्यास भिऊ नये. त्यांनी तो द्वेषासाठीही शिकू नये. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी रोमच्या धर्मसभेने जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. १९९३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनने इस्राएलशी करार केला आणि मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे पश्चिम भिंतीपाशी येऊन उभे राहिले. हैफा, नाझरेथ, रामले येथे ख्रिस्ती कुटुंबे आपल्या मुलांचे शेजारी आहेत. आठशे वर्षांपूर्वीचा हिशेब त्यांच्याकडे मागावयाचा नाही.

राहिला प्रश्न आपल्या पानाचा. छळ सोसला तोच खरा यहुदी, असा समज मुलाच्या मनात नकळत शिरू शकतो. ज्या समाजास १९६० च्या दशकात या देशात आपले यहुदीपण सिद्ध करण्यासाठी झगडावे लागले, त्याने तरी हा समज घरात वाढू देऊ नये. कोणी जाळावयास आले नसतानाही ज्यांनी शतकानुशतके शब्बाथ सोडला नाही, त्यांची निष्ठाही तेवढ्याच मोलाची आहे.

साधारण याच वयात शाळा मुलांकडून अवोदत शोराशीम, म्हणजे आपल्या मुळांचा शोध, लिहून घेते. ही संधी आजी-आजोबांनी दवडू नये. आमचे हे मराठी सदर नातवंडे वाचणार नाहीत, हे आम्ही जाणतो. तेव्हा ते त्यांना तोंडी सांगा, जमेल त्या हिब्रूत सांगा. पिवळ्या बिल्ल्याचा धडा त्यांच्याकडून समजून घ्या आणि त्यांच्या वहीत त्या धड्याखाली शनिवार तेल्याच्या घाण्याचे चित्र काढावयास लावा. शिक्षकांनी विचारले, तर उत्तर त्या मुलालाच देऊ द्या.

शालोम.