टनांचा आलेख आणि हातांचा आलेख

१/ ‘कारखाना आला की रोजगार आपोआप येईल.’ केजसारख्या तालुक्यात हे आश्वासन दर निवडणुकीला नव्याने दिले जाते. भारतीय पोलादाचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. 🧵

२/ १९४७ मध्ये भारताचे पोलाद उत्पादन जेमतेम १० लाख टनांच्या घरात होते. २०१८ मध्ये भारताने जपानला मागे टाकून जगात दुसरे स्थान मिळवले. २०२३-२४ मध्ये उत्पादन १४ कोटी टनांपलीकडे गेले. हा पराक्रम निर्विवाद आहे. प्रश्न त्यापुढचा आहे.

३/ भिलाई, राउरकेला, दुर्गापूर, बोकारो हे सरकारी कारखाने ज्या ‘सेल’कडे आहेत, तिच्या पटावर १९८०च्या दशकात २ लाखांहून अधिक कर्मचारी होते. २०२४ मध्ये ते ६० हजारांहूनही कमी उरले. उत्पादन घटले म्हणून असे झाले काय? नाही. २०२३-२४ मध्ये याच कंपनीने सुमारे १.९ कोटी टन कच्चे पोलाद काढले. टन चढत गेले, हात उतरत गेले.

४/ ‘हा सरकारी ढिसाळपणाचा परिणाम’ असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. १९६२ ते २००५ या काळात तेथील पोलाद उद्योगाने सुमारे ४ लाख, म्हणजे तीन-चतुर्थांश नोकऱ्या गमावल्या. उत्पादन मात्र जवळपास तेवढेच राहिले. भंगार वितळवणाऱ्या छोट्या विद्युत-भट्ट्यांनी अवाढव्य कारखान्यांची जागा घेतली, हे त्याचे एक मोठे कारण.

५/ भंगारातून पोलाद काढणाऱ्या भट्ट्या मराठवाड्यातही आहेत. जालन्याच्या सळया घराघरांच्या स्लॅबमध्ये आहेत. पण तेथे राबतो कोण? ८ मे २०२० रोजी करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर चिरडले गेले. ते जालन्यातील एका पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातून आलेले. टाळेबंदीत ते रुळांवरून पायी गावी निघाले होते. पोलादाच्या आकडेवारीत टनांना रकाना असतो. अशा कामगारांना नसतो.

६/ मग यंत्रेच फोडायची काय? तेही उत्तर नव्हे. भट्टीसमोरचे जुने काम जीवघेणे होते. त्याच्या आठवणीने गहिवरणारे बहुधा तेथे कधी उभे राहिलेले नसतात.

७/ तिसरा मार्ग कामगारांनीच सुचवला होता. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणींत १९७७ मध्ये ठेकेदारांच्या मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारली. त्याच वर्षी जूनमध्ये पोलीस गोळीबारात ११ जणांचा बळी गेला. तरी संघटना टिकली. पूर्ण यांत्रिकीकरणाऐवजी तिने अर्धयांत्रिकीकरणाची योजना मांडली: उत्पादन वाढावे, पण मजूर रस्त्यावर येऊ नये. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली.

८/ हा इतिहास केजपासून दूरचा नाही. दिवाळीनंतर येथील जोडपी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आता त्याच फडांत ऊसतोडणी यंत्र उतरते आहे. कोयता सुटावा हे योग्यच. पण कोयत्यासोबत चूलही विझली, तर ती मुक्ती कोणाची?

९/ तेव्हा पुढचा कारखाना जाहीर होईल, त्या वेळी किती कोटींची गुंतवणूक आणि किती टन क्षमता एवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत. कायम नोकऱ्या किती, ठेक्यावर किती, स्थानिकांना शिकवणार कोण आणि यंत्राने वाचवलेला पैसा कोणाच्या खिशात जाणार, हे विचारावे. उत्पादन तंत्राने वाढते. त्यातला कामगाराचा वाटा आजवर मागितल्याशिवाय मिळालेला नाही.