वही पाण्याबाहेर ठेवावी

2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सोडण्यात आले आणि वैनगंगेचा पूर भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरला. अशा प्रसंगी दुकानातील भिजलेला माल विम्यातून काही अंशी भरून निघू शकतो. संगणकासोबत बुडालेला उधारीचा हिशेब मात्र त्या विम्याने परत मिळत नाही. शिवाय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 36 नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने हिशेब जपणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे.

‘क्लाउड डेस्कटॉप’ हा यावरील एक उपाय होय. त्यात हिशेबाचे सॉफ्टवेअर व नोंदी दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर राहतात. दुकानातील संगणकावर केवळ पडदा दिसतो. तुमसरच्या राईस मिलमधील मुनीम आणि नागपुरातील सनदी लेखापाल एकाच वेळी तीच खातेवही पाहू शकतात. संगणक बिघडल्यास दुसऱ्या यंत्रावरून काम पुढे चालते. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेशही त्याच दिवशी बंद करता येतो.

मात्र या सोयीचे भाडे नियमित भरावे लागते, आणि इंटरनेट खंडित झाल्यास काम थांबते. म्हणून करारापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: सर्व्हर भारतात आहे काय? रोज प्रत काढली जाते काय? सेवा सोडताना सर्व नोंदी परत मिळतील काय? संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना तर भारतातील सर्व्हरवर दैनंदिन प्रत ठेवणे 2022 पासून सक्तीचे आहे.

दिवाळीत जिचे पूजन होते, त्या वहीची एक प्रत पेढीबाहेर असणे पावसाळ्यापूर्वीच निश्चित करावे.