घरांतील यंत्रें : दुरुस्तीहून परतलेला संगणक

यंत्र दुरुस्तीस पाठवावें आणि तें एक दुखणें टाकून दुसरें घेऊन घरीं यावें, हा अनुभव घड्याळें, शिवणयंत्रें व रेडिओ यांच्या काळापासून वाचकांच्या परिचयाचा आहे. संगणकाच्या बाबतींत मात्र एक भेद आहे. घड्याळ बंद पडलें तर वेळ कळत नाहीं, इतकेंच. संगणकांतील हार्ड डिस्क गेली तर तिच्या पोटांतील वस्तु कोणत्याहि बाजारांत विकत मिळत नाहीं. आमच्या घरच्या संगणकांत कै. वहिनींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या आहेत, चार पिढ्यांची वंशावळ आहे. यास्तव गेल्या दिवाळीनंतर घडलेली हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

पॉवर सप्लाय बदलण्यासाठीं संगणक दुकानांत गेला होता. दोन दिवसांनीं परत आला तो काळ्या पडद्यावर एवढेंच सांगूं लागला कीं, सुरू होण्याजोगी डिस्क सांपडत नाहीं. दुकानदारास विचारतां उत्तर मिळालें, “डिस्कच गेली. नवी बसवून देतों, जुनी इकडेच राहूं द्या.” नवी विकण्याची उत्सुकता आम्हांस समजली, जुनी ठेवून घेण्याची समजली नाहीं. आम्हीं नकार दिला.

आमच्या न्यायशास्त्रांत काकतालीय न्याय म्हणून एक आहे. कावळा ताडावर बसण्यास व फळ पडण्यास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें सिद्ध होत नाहीं. दुरुस्तीनंतर बिघडलें म्हणून दुरुस्तीमुळेंच बिघडलें, असें म्हणतां येत नाहीं. परंतु ‘डिस्क जुनीच होती’ एवढें म्हणून दुकानदारहि सुटत नाहीं. कारण शोधावें लागतें, आणि त्याचा आरंभ कानानें करावा.

हार्ड डिस्कमध्यें चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात, आणि वाचणारें ‘हेड’ त्यांना न शिवतां कांहीं नॅनोमीटर अंतरावरून तरंगतें. माणसाच्या केसाची जाडी त्या अंतराच्या हजारों पट भरेल. म्हणून टकटक किंवा खरखर ऐकूं आली तर संगणक तत्काळ बंद करावा. पुनःपुन्हां चालू करून पाहणें म्हणजे तबकडी खरवडूं देणें होय. अशी डिस्क घरीं उघडूं नये. ती फ्रीजमध्यें ठेवावी असें सांगणारे कांहीं शहाणे आहेत. त्यांचें ऐकल्यास आंत दंव मात्र धरेल.

आमच्या डिस्कचा आवाजच नव्हता, आणि बोट टेकून पाहतां कंपहि नव्हता. डिस्कची मोटार नेमकी दुकानांत मरण्यापेक्षां वायर सैल राहिली असण्याचा संभव अधिक. वहिनींच्या मुलानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, भिंतींतला प्लग काढला, अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या उघड्या धातूस हात लावला आणि आंत पाहिलें. डिस्कला वीज देणारी साटा वायर अर्धवटच बसलेली होती. ती नीट बसवितांच डिस्क फिरूं लागली व बायोसच्या यादींत तिचें नांव उमटलें.

तरी संगणक सुरू होईना. पण तेथील घड्याळ कित्येक वर्षें मागें गेलेलें पुतण्याच्या लक्षांत आलें, आणि उलगडा झाला. दुकानांत मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेलहि बदलला होता. पुष्कळ मदरबोर्डांवर तो काढला कीं घड्याळाबरोबर बायोसची मांडणीहि मूळ पदावर जाते. कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावें व तिच्याशीं कोणत्या पद्धतीनें बोलावें, ‘एएचसीआय’ कीं ‘रेड’, हें दोन्ही बदललें होतें. पूर्ववत् करतांच संगणक सुरू झाला.

येथें बहुतेक घरें थांबतात. आम्हीं डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद पाहिली. तींत आठ खंड ‘पेंडिंग’ दिसले, म्हणजे वाचतां न आलेले व निकालाची वाट पाहणारे. अशा वेळीं चेकडिस्कसारखी दुरुस्ती आधीं चालवूं नये. खंगलेल्या डिस्कला ती श्रम सोसेलच असें नाहीं. आधीं नक्कल, मग औषध. रात्रभर नक्कल चालली. दुसऱ्या दिवशीं तपासणीला आम्ही बसलों. एका शितावरून भाताची परीक्षा करणारा स्थालीपुलाक न्याय येथें चालत नाहीं. एक फाईल उघडली म्हणून शेजारची उघडेल असें नाहीं. ओव्या सर्व निघाल्या. दोन छायाचित्रें अर्धीं राखाडी आलीं. तीं तशींच ठेविलीं आहेत.

दुकानदारास सैल वायर व बदललेली मांडणी यांविषयीं आम्हीं स्पष्ट बोललों. त्या आठ खंडांविषयीं बोललों नाहीं. डिस्क नऊ वर्षांची होती.

संगणक दुकानांत देणाऱ्यांनीं डिस्कवरील अनुक्रमांक टिपून घ्यावा. काम डिस्कचें नसेल तर ती काढून घरींच ठेवलेली उत्तम. नव्या लॅपटॉपांत मदरबोर्ड बदलल्यावर पडद्यावर ‘बिटलॉकर’ची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. तो बिघाड नव्हे. परंतु किल्ली कोठें ठेविली आहे हें घरांत निदान दोघांस ठाऊक असावें. एसएसडी असलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. तींत पुसलेली फाईल बहुधा परत मिळत नाहीं. त्याविषयीं पुढील अंकीं.