कमळ मिटेपर्यंत

"दर्शन झालं, चल आता," मावशी म्हणाली.

सकाळचे सात वाजायचे होते. पद्मालयाच्या तळ्यावर ऊन नुकतं उतरत होतं आणि आम्हाला येऊन अर्धा तासही झाला नव्हता. मी म्हटलं, "आज लगेच नाही निघायचं मावशी. आज बसायचं."

"बसायचं म्हणजे?"

"कमळं मिटेपर्यंत बसायचं."

मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. लग्न होऊन एरंडोलला आली त्याला पंचावन्न वर्षं झाली. घरापासून पद्मालय जेमतेम दहा किलोमीटर. या पंचावन्न वर्षांत तिनं किती संकष्ट्या आणि किती अंगारक्या केल्या याचा हिशेब नाही. बैलगाडीतून गेली, पायी गेली, एसटीनं गेली, आता गुडघ्यांमुळे रिक्षानं जाते. पण दर वेळी नारळ फोडला, प्रदक्षिणा घातली आणि माघारी फिरली. घरी सासूबाई, गोठ्यात म्हशी, शेतात निंदणीला बायका लागलेल्या. तळ्याच्या काठी नुसतं बसून राहायचं, हे तिच्या आयुष्यात कधी आलंच नव्हतं.

मी नाशिकला असते. शनिवार-रविवार जोडून मोकळे मिळाले की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, कुठे जायचं? आणि जायचं म्हणजे लांब. मग खोल्यांची आरक्षणं, घाटातली वाहनांची रांग आणि सोमवारी दुखणारी पाठ. या वेळी मी ठरवलं की मावशीकडे जायचं. पितृपक्ष चालू होता, चतुर्थी होऊन गेली होती, म्हणजे पद्मालयाला गर्दी नसणार. शुक्रवारी दुपारी एसटीत बसले. मालेगाव, धुळे, पारोळा मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना कपाशी लागली. झाडं कैऱ्यांनी लगडली होती, मधूनच एखादं बोंड उकलून पांढरं दिसत होतं. एरंडोलच्या स्टँडवर उतरले तर रिक्षावाले दादा म्हणाले, "बठा ना ताई, कोठे जानं शे?" अहिराणी कानावर पडली आणि माझे खांदे आपोआप सैल झाले.

पद्मालय म्हणजे कमळांचं घर. गणेशक्षेत्रांच्या जुन्या नामावळीत याचं नाव प्रवाळक्षेत्र असं येतं. गणपतीच्या साडेतीन पीठांतलं हे अर्धं पीठ, असं खानदेशातलं लहान मूलही सांगेल. गाभाऱ्यात एकाशेजारी एक दोन स्वयंभू गणपती आहेत, आमोद आणि प्रमोद. एकाची सोंड उजवीकडे, एकाची डावीकडे. मंदिराच्या जीर्णोद्धाराचं श्रेय गोविंद महाराजांना देतात. तिथली मोठी घंटा अकरा मणांची, म्हणजे चारशे चाळीस किलोंची आहे असं सांगतात. ती वाजते तेव्हा आवाज कानांपेक्षा छातीत आधी पोचतो. जवळच्या रानात भीमकुंड आहे. एरंडोल म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमानं बकासुराला इथेच मारलं, तहान लागली म्हणून जमिनीवर कोपर मारलं आणि पाणी वर आलं, अशी इकडची कथा. लहानपणी मी त्या कुंडाच्या कडेला उभी राहून स्वतःचं कोपर चोळत असे.

हे सगळं लोक पाहतात, हात जोडतात, फोटो काढतात. पण ज्याच्या नावानं हे क्षेत्र ओळखलं जातं त्याच्याकडे बघायला थांबणारे फार थोडे. आपल्याकडे गावं 'करायची' रीत आहे. पाटणादेवी केली, मनुदेवी केली, उनपदेव केलं, येता येता पद्मालय केलं. एका दिवसात चार ठिकाणं केल्याचं समाधान मीही पुष्कळदा मिळवलं आहे. संध्याकाळी घरी आल्यावर त्यातल्या एकाही ठिकाणचा वास आठवत नाही.

पायरीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. हाताला येईल इतक्या जवळ एक कळी होती. लांबट, टोकाला गडद गुलाबी, बुडाला हिरवट. मी मावशीला म्हटलं, ही आपली. हिच्यावर लक्ष ठेवायचं.

पहिला पाऊण तास मावशीला फार जड गेला. तिनं पिशवीतल्या पुड्या दोनदा नीट लावल्या. पायरीवरचं निर्माल्य गोळा करून कडेला ठेवलं. कुणीतरी टाकून दिलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या उचलल्या. मग पदर सारखा करून म्हणाली, "हाताला काही काम नसलं की मला चोरी केल्यासारखं वाटतं." हे ती अगदी साधेपणानं बोलली, पण मला ते खोल लागलं. आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांचं हे वाक्य आहे. माझी आई दुपारी आडवी झाली तरी शेजारी निवडायचे तांदूळ घेऊन आडवी व्हायची. देवाचं निमित्त असल्याशिवाय या बायकांना घराबाहेर पडता आलं नाही आणि देवाचं काम आटोपल्यावर थांबता आलं नाही. मला त्याचा राग येतो, आजही येतो.

मग एका पानावर तिची नजर खिळली. कमळाचं पान पाण्यावर हातभर उंच उभं असतं, मधे खोलगट. रात्रीच्या सरीचं पाणी त्या खळग्यात साठलं होतं. पण ते पाण्यासारखं दिसत नव्हतं, पाऱ्यासारखं दिसत होतं. वारा आला की गोळा एकसंध सरके, कडेशी जाई, परत मधे येई. मावशीनं वाकून पानाची कड धरली आणि हळूच कलती केली. पाणी घरंगळून तळ्यात पडलं. तिनं पानावरून बोट फिरवून बघितलं, बोट कोरडं. "माय वं," म्हणाली, "तेल लावल्यावाणी आहे." तेल नाही, मेण आहे. या पानावर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्यावर मेणाचा थर. थेंबाला टेकायला जागाच मिळत नाही, तो टोकांवर तरंगत राहतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. विल्हेल्म बार्थलॉट नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं 1997 साली हे नीट मांडून दाखवलं आणि त्यावरून मळ न धरणारे रंग तयार झाले. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच. का ठरत नाही, ते मी मावशीला सांगितलं आणि तिनं आणखी तीन पानं कलती करून पाहिली.

साडेआठच्या सुमाराला आमची कळी हलली. म्हणजे हलताना आम्हाला दिसली नाही. मी डबा उघडून दशम्या काढल्या, मावशीनं शेंगदाण्याची चटणी वाढली, आणि वर पाहिलं तर टोकाच्या पाकळ्यांत बोटभर फट पडली होती. तेवढीच. त्यापुढे ती उघडलीच नाही. शेजारची मोठी फुलं ताटासारखी पसरली होती, त्यांच्या मधल्या पिवळ्या गाभ्याभोवती मधमाश्या लोळत होत्या, आणि आमची मात्र पेल्याएवढं तोंड उघडून थांबली.

कमळाची ही रीतच आहे. एक फूल साधारण चार दिवस जगतं. पहिल्या दिवशी नुसतं किलकिलं होतं, दुसऱ्या दिवशी पुरतं उमलतं, तिसऱ्या दिवशी थकल्यासारखं पसरतं आणि मग पाकळ्या टाकतं. दिवस चढला की मिटायचं आणि सकाळी परत उघडायचं. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे कमळ स्वतःला गरम ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठातले रॉजर सीमोर यांनी 1996 मध्ये मोजून दाखवलं की बाहेरची हवा 10 अंशांपर्यंत उतरली तरी फुलाचा गाभा 30 अंशांच्या वरच असतो. हे वाचलं तेव्हा मला शाळेतलं संस्कृत आठवलं. कमळात अडकलेला भुंगा रात्र सरायची वाट बघतो आणि पहाटेआधी हत्ती येऊन कमळच उपटतो, ते सुभाषित आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे. आम्हाला त्याचा अर्थ लोभी भुंगा असा शिकवला होता. भुंगा तिथे उबेला थांबत असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही.

दहानंतर मिटणं सुरू झालं. आधी आमच्या कळीची फट गेली. मग तळ्याच्या मधली मोठी फुलं एकेक करून ओंजळ करू लागली. बारा वाजले तेव्हा तळं निराळंच झालं होतं. सकाळी गुलाबी होतं, आता नुसतं हिरवं. दुपारी आलेल्या एका कुटुंबातली मुलगी आईला विचारत होती, "कमळं कुठे आहेत?" तिची आई म्हणाली, "सीझन संपला असेल." मावशीला राहवलं नाही. ती उठली आणि त्या मुलीजवळ गेली. "संपला नाही गं बाई," तिला सांगितलं, "झोपलीत. सकाळी सातला ये."

दुपारभर आम्ही झाडाखाली पडून होतो. मावशी डोक्याखाली पिशवी घेऊन दीड तास गाढ झोपली. माझ्याकडे पुस्तक होतं, ते उघडलं नाही. पश्चिमेकडे बघत बालकवींचा विचार करत होते. एरंडोलपासून धरणगाव जवळच. त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे 1890 मध्ये जन्मले. जळगावला 1907 साली कवींचं संमेलन भरलं, अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर. सतरा वर्षांच्या त्या मुलाची कविता ऐकून त्यांनी त्याला बालकवी म्हटलं. हे कीर्तिकर डॉक्टर होते आणि वनस्पतींचे मोठे अभ्यासक. औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर आणि बसूंचा ग्रंथ आजही वैद्यांच्या कपाटात असतो. झाडापानांची जात-कुळी ओळखणाऱ्या माणसानं या मुलाला ओळखलं, हे मला फार आवडतं. अठ्ठाविसाव्या वर्षी, 1918 मध्ये, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. जळगावजवळचंच स्टेशन ते. 'औदुंबर' ही त्यांची कविता जेमतेम आठ ओळींची आहे. पाण्याकाठी बराच वेळ काही न करता बसलेल्या माणसालाच ती सुचू शकते, याची त्या दुपारी मला खात्री पटली.

संध्याकाळी एरंडोलला परतलो. गावात अंजनी नदीच्या बाजूनं पायी चक्कर मारली. ब्रिटिशांच्या गॅझेटियरमध्ये एरंडोलची एक नोंद आहे. इथला जाडाभरडा देशी कागद एके काळी नावाजलेला होता. कागदाला पाणी लागतं, लगदा भिजवायला, घोटायला, गाळायला. या नदीनं किती सावकारांच्या वह्या आणि किती पोथ्या भिजवल्या असतील! मी कागदावर पोट भरणारी बाई, म्हणून मला त्या गावाचं थोडं ऋण वाटतं.

रात्री मावशीनं वरण-बट्टी केली. गहू आणि मूठभर मका जाडसर दळून, ओवा-हळद घालून घट्ट मळलेले गोळे तिनं वाफवले, सुरीनं फोडी केल्या आणि तुपात खरपूस तळल्या. ताटात बट्टी हातानं कुस्करायची, मधे आळं करायचं, त्यात तुरीचं वरण ओतायचं आणि वरून तुपाची धार. सोबत गंगाफळाची भाजी. मी सवयीनं विचारलं, वांग्याची नाही का केली? "वांगं चंपाषष्ठीनंतर," मावशी म्हणाली. "भरीत खायचं तर थंडीत ये." जेवून अंगणात बाजेवर पडलो. मावशी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "उद्या किती वाजता निघू या?"

रविवारी आम्ही सव्वासहालाच काठावर होतो. मावशी देवळात न जाता थेट पायरीकडे गेली, कळी तिथेच होती. आठाच्या आत ती उमलू लागली आणि नऊपर्यंत तिचं ताट झालं. मधला गाभा हळदीसारखा पिवळा, त्याला वर बारीक भोकं, जशी शिंपणाच्या झारीला असतात. कडेनं केसरांची झालर. मावशीनं वाकून वास घेतला. "बडीशेपेसारखा येतो," म्हणाली. मला तसा आला नाही, पण तिच्या नाकावर माझा विश्वास आहे. मग ती देवळात गेली, दोन्ही गणपतींना हात जोडले आणि परत येऊन सतरंजीवर बसली. त्या दिवशी तिनं पिशवी एकदाही उघडली नाही. बारा वाजता फूल मिटल्यावर स्वतःहून म्हणाली, "चल, आता तुझी गाडी चुकेल."

नाशिकला पोचेपर्यंत रात्र झाली. सोमवार, मंगळवार कामात गेले. मंगळवारी संध्याकाळी सातला फोन वाजला. मावशी होती. तिनं माझी, घरच्यांची, कुणाचीच खुशाली विचारली नाही.

"सकाळी गेले होते," म्हणाली. "रिक्षावाल्याला म्हटलं, तू थांब, मला वेळ लागेल. सगळ्या पाकळ्या गळाल्या गं. एक माझ्यासमोर पडली. बुडाली नाही, होडीवाणी तरंगत होती, वाऱ्यानं पार पलीकडच्या काठापर्यंत गेली. मी बघत होते."