सेवेतून रुजणारी भाषा

फ्रान्समधल्या लूर्दला आजारी भाविकांची सेवा करायला जगभरातून स्वयंसेवक येतात. तिथली सेवासंस्था १८८५ची. उतारावर चाकांची खुर्ची घट्ट धरून एखाद्या आजींना फ्रेंचमध्ये 'सा व्हा, मादाम?' (कशा आहात?) असं विचारलं, की त्या उत्तर देतात आणि विचारणाऱ्याचा उच्चारही सुधारतात. १८५८ मध्ये तिथे ज्या बर्नादेतला पवित्र मरियेचं दर्शन झालं, तिलाही तेव्हा फ्रेंच जेमतेमच येत होतं. ती गावची बोली बोलायची. म्हणून सेवेला जाण्यासाठी भाषा पक्की होईपर्यंत थांबू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुरुवातीचे दिवस एकटेपणाचे जातात. तेव्हा मिस्साचा फार आधार वाटतो, कारण शब्द परके असले तरी विधी ओळखीचा असतो. वसईतून वा अन्य धर्मप्रांतांतून अशा सेवेला गेलेल्या वाचकांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.