मालक राहायला येणार का?

जर्सी सिटीत टू-फॅमिली घर घ्यायचे, वर स्वतः राहायचे, खाली भाडेकरू ठेवायचा आणि त्याच्या भाड्यातून हप्ता हलका करायचा, हा हिशेब न्यू जर्सीतल्या मराठी ग्राहकांना चटकन पटतो. बॉस्टनचे थ्री-डेकर आणि शिकागोचे टू-फ्लॅट याच हिशेबावर उभे राहिले. अमेरिकी कर्जव्यवस्थाही अशा मालकाला सढळ हाताने मदत करते. चार युनिटांपर्यंतच्या इमारतीत तो राहणार असेल तर एफएचएच्या, म्हणजे सरकारी विम्याच्या, कर्जाला साडेतीन टक्के डाउन पेमेंट पुरते. गृहकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मेनेही नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या कर्जांसाठीचे डाउन पेमेंट 5 टक्क्यांवर आणले. त्याआधी दोन युनिटांना 15 आणि तीन-चार युनिटांना 25 टक्के लागत. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला मात्र आजही 25 टक्के भरावे लागतात, शिवाय व्याजही चढे.

खोटे बोलण्याचा मोह होतो तो इथे.

‘60 दिवसांत राहायला जा, वर्ष काढा, मग भाड्याने द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. सही करताना राहण्याचा इरादा खरा हवा, ही मूळ अट. सहा महिन्यांनी दूरच्या राज्यात बदली झाली तर ती लबाडी नव्हे. पण मुळातच राहायचे नव्हते, तर ती लबाडीच. अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिण्याला संघीय कायद्यात 30 वर्षांपर्यंत कैद आहे. इतकी टोकाची शिक्षा सहसा होत नाही, पण बँक सगळे कर्ज एकदम मागू शकते. फिलाडेल्फिया फेडच्या संशोधकांना तर राहण्याबद्दल खोटे सांगणारे कर्जदार उघड गुंतवणूकदारांपेक्षाही अधिक थकबाकीदार आढळले. म्हणून बदलीचे पत्र, जुन्या घराचा भाडेकरार संपल्याचा कागद सल्लागाराने फाइलला लावूनच ठेवावा.

तीन-चार युनिटांत एफएचएची आणखी एक चाळणी आहे आणि बरेच व्यवहार अडतात ते तिथेच. मालकाचे युनिट धरून सगळ्यांच्या भाड्याचे साधारण 75 टक्के धरतात; तेवढ्यात कर आणि विम्यासह पूर्ण हप्ता निघायला हवा. समजा, तीन युनिटांचे भाडे 6,000 डॉलर; त्यातले 4,500 धरले जातील. हप्ता 4,800 असेल तर ग्राहकाचा पगार कितीही असो, फाइल परत. हे गणित घर दाखवण्याआधीच मांडावे.

एच-वन-बी व्हिसावरच्या ग्राहकांना 25 मे 2025 पासून एफएचएचे दार बंद झाले आहे. त्यांच्यासाठी फॅनी मेची वाट उरते. तिथे भाड्याची ही चाळणी नाही. स्वतः राहण्याची अट मात्र आहेच.