पावलाला पाऊल, मताला मत

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘इन लॉकस्टेप’ हा वाक्प्रचार वरचेवर भेटतो. दोन देशांची धोरणे, शेअर बाजारांचे चढउतार, नेता आणि त्याचा पक्ष. सगळे ‘लॉकस्टेप’मध्ये चालतात. म्हणजे पावलाला पाऊल जुळवून, एका विचाराने. शब्द मूळचा सैन्याच्या कवायतीतला, पण गाजला तुरुंगात. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात १८२०च्या दशकात कैद्यांना एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालवले जाई. सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला वळलेली, म्हणजे कुणी ओठ हलवले तर पहारेकऱ्याला दिसावे. एकजुटीचे कौतुक म्हणून हा शब्द वापरणाऱ्यांनी ते दृश्य एकदा डोळ्यांसमोर आणायला हरकत नाही.

ताल जुळण्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात काही हजार पेशींचा एक पुंजका असतो. त्या एकदम विद्युत संकेत देतात, म्हणून ठोका पडतो. मेंदूत मात्र चेतापेशींचे मोठे समूह असे एकाच वेळी, अतिरेकाने संकेत देऊ लागले की फिट येते.

सैन्याला हा धडा पुलांनी शिकवला. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळचा ब्रॉटन झुलता पूल तालात चालणाऱ्या सैनिकांसह कोसळला. जीवितहानी झाली नाही, पण पुलावर पावलांचा ठेका मोडायचा, असा नियम ब्रिटिश सैन्यात रूढ झाला. लंडनच्या अल्बर्ट पुलावर ही सूचना देणारी पाटी आजही आहे. फ्रान्समधल्या अँजे येथे १८५० मध्ये वादळात पूल तुटून दोनशेहून अधिक माणसे गेली. पुलाच्या तारा गंजलेल्या होत्या. सैनिकांना ठेका मोडायला सांगितलेलेही होते; पण हलत्या पुलावर तोल सावरताना त्यांची पावले नकळत जुळली असावीत, असे मानले जाते. ते खरे वाटते, कारण दीडशे वर्षांनी लंडनने तसेच काहीसे पाहिले. १० जून २००० रोजी खुला झालेला मिलेनियम पूल गर्दीमुळे आडवा डुलू लागला. लोक सावरून चालू लागले तशी पावले पुलाच्या झोक्याशी जुळली आणि झोका वाढला. दोन दिवसांत पूल बंद झाला, तो धक्केशोषक बसवून २००२ मध्ये पुन्हा उघडला. तिथे कवायत नव्हती की हुकूम. प्रत्येक जण फक्त आपला तोल सांभाळत होता.

मतांचेही असेच जुळते. मराठीत त्याला ‘री ओढणे’ म्हणतात. डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. बालसंगोपनावरच्या बेंजामिन स्पॉक यांच्या गाजलेल्या पुस्तकात १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बाळाला पालथे झोपवण्याचा सल्ला आला. कारण पटणारे होते: उताणे बाळ उलटी झाली तर गुदमरेल. पाश्चात्त्य देशांत हीच रीत पडली. पालथे झोपवण्याने झोपेतल्या आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो, अशी चिन्हे १९७०च्या आसपासच्या अभ्यासांत दिसत होती. तरी अमेरिकेत उताणे झोपवण्याची मोहीम सुरू व्हायला १९९४ उजाडले. पुढच्या दशकभरात तिथले असे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मधल्या काळात सल्ला देणारे निष्काळजी नव्हते. शेजारचा जे सांगतो तेच आपण सांगतो आहोत, यातच त्यांना खात्री वाटत होती.

सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात रेघांची लांबी ओळखायला लावणारे प्रयोग केले. आधी पढवून ठेवलेल्या माणसांनी एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की खऱ्या स्पर्धकाची सुमारे एकतृतीयांश उत्तरेही तशीच चुकत. डोळ्यांना रेघ नीट दिसत असूनही! एकाच माणसाने बरोबर उत्तर दिले, तर हे प्रमाण झपाट्याने घसरे.

म्हणूनच ‘सेकंड ओपिनियन’ घेण्याची आपली पद्धत तपासायला हवी. दुसऱ्या डॉक्टरसमोर बसताच पेशंट सांगतो, “त्या मोठ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच सांगितलंय.” झाले, पुढचा माणूस री ओढायला मोकळा. रिपोर्ट, एक्स-रे, चालू औषधे सगळे दाखवावे, काहीही लपवू नये. पहिल्याने काढलेला निष्कर्ष मात्र, तातडीचे दुखणे नसेल तर, दुसऱ्याने तपासून आपले मत दिल्यावर सांगावा. रुग्णालयांतल्या बैठकांतही सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरने शेवटी बोलावे. ते आधी बोलले की कोपऱ्यातल्या रेसिडेंटला एक्स-रेत दिसलेली वेगळी रेघ तो मनातच ठेवतो.